बासष्ट ओळींखाली माझी सही

४ जून

प्रिय वहिनी,

आधी तक्रार, मग नमस्कार.

कागदावर लिहितोय म्हणून हसू नका. माझे मेल आमचे बघूसाहेब वाचतात (काहीही विचारा, म्हणतात 'बघू', आणि मग खरंच सगळं बघतात). तुमच्या इस्पितळात संगणकांची राखण तुमच्याकडे, म्हणून तिथले सगळ्यांचे मेल तुम्हीच तपासता. आपले फोन 'सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी' रेकॉर्ड होतात. उरला पोस्टमन. त्याला आपल्या भानगडीत रस नाही.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण दादा हे पत्र फोडतीलच, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. दादा, आमच्या कंपनीतल्या एका थोरल्या सर्व्हरच्या पोटात चाळीस धाकटी यंत्रं भाड्यानं राहतात. त्यातलं एक वहिनींच्या इस्पितळाचं. प्रत्येकाच्या आत आमचा एक एजंट बसवलेला असतो. आम्ही बाहेरून सांगायचं, 'जरा लिखाण थांबव.' त्यानं आत सगळ्यांना गप्प करायचं, तेवढ्यात आम्ही बॅकअपची नक्कल काढायची, मग 'हं, चालू दे.' एकोणचाळीस एजंट निमूट ऐकतात. चाळिसावा नऊ दिवस झाले जागचा हलत नाही, कारण तुमच्या बायकोनं त्याला कशालाही हात लावायची बंदी केलीय.

वहिनी, नऊ दिवस तुमच्या इस्पितळाचा बॅकअप नाही. उद्या यंत्र बसलं तर बघूसाहेब माझ्याकडे बघतील. तेवढे नियम जरा सैल करा ना. फक्त एजंटापुरते.

तुमच्या जावेचं, आपल्या धाकटीचं, ठीक चाललंय. डायलिसिसच्या आठवड्याला तीन पाळ्या, प्रत्येकी चार तास. हाताच्या ज्या नसेत सुया घालतात ती वरचेवर बंद पडते. डॉक्टर दुसरी जागा शोधतायत. ती म्हणते, मी काय जमीन आहे का विहीर खणायला.

तुमचा,
भाऊजी


८ जून

प्रिय भाऊजी,

दादांनी पत्र फोडलं नाही. उन्हाकडे धरून पाहिलं, काही दिसेना, तेव्हा उदार होऊन माझ्या हातात दिलं.

तुम्ही बंदी म्हणता ती का आहे, ते आता माझ्या बाजूनं ऐका. तुमचा एजंट माझ्या यंत्रात रूट म्हणून नांदतो. म्हणजे घरातल्या कुठल्याही कपाटाची किल्ली त्याला न मागता मिळते. आणि ऐकतो कुणाचं? बाहेर बसलेल्या तुमचं. 'थांब' म्हटलं की थांबतो हे खरं, पण 'अमुक फाइल वाचून दाखव' म्हटलं तर तेही करतो, आणि 'तमुक लिहून टाक' म्हटलं तरी मान डोलावतो. माझ्या घरात राहून तुमचा पगार खाणारा माणूस. त्याला मी मोकळा सोडू?

म्हणून सक्तीचे नियम. प्रत्येक फाइलवर एक चिठ्ठी, चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर एक चिठ्ठी, आणि कुठल्या चिठ्ठीनं कुठल्या चिठ्ठीला हात लावायचा ते माझ्या नियमांत लिहिलेलं. लिहिलेलं नसेल ते बंद. मग तो रूट असो नाहीतर रूटचा बाप. नियम बदलायचा तर माझ्या सहीनं, आणि सहीचीही नोंद राहते.

तरीपण बॅकअप नको असं मी कुठे म्हणतेय? माझंच इस्पितळ आहे. शुक्रवारी बारा तारखेला अकरा ते पाच मी तुमच्या एजंटाला सैल सोडते. म्हणजे अडवायचं नाही, पण जिथे एरवी अडवलं असतं ते लॉगमध्ये टिपून ठेवायचं. तुम्ही बॅकअप घ्या. संध्याकाळी त्या नोंदींवरून मी त्याला हवे तेवढे नियम करून देते, आणि पुन्हा दार लावते. आमच्यात असंच करतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. मूत्रपिंडाची प्रतीक्षायादी याच यंत्रावर आहे. सॉफ्टवेअर आमच्या इमारतीइतकंच जुनं, त्यामुळे यादी म्हणजे एक साधी फाइल. माझी जाऊ त्या यादीत आहे आणि ती फाइल मी उघडत नाही, असं मी अधीक्षकांना लेखी दिलंय. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला कोण विचारतंय?" मी म्हटलं, "कोणी विचारायच्या आत देतेय."

धाकटीला सांगा, नवीन जागा मिळेपर्यंत त्या हातानं काही उचलू नको. नंबर विचारायचा नाही हा तिचा हट्ट कायम आहे ना? राहू दे. मागे म्हणाली होती, "नंबर कळला की मी वरची माणसं कमी व्हायची वाट बघत बसेन."  

तुमची,
वहिनी


१४ जून

प्रिय वहिनी,

पाय कुठे आहेत तुमचे? बॅकअप झाला! शुक्रवारी सैल असताना झाला, आणि काल तुमचे नवे नियम लागू असतानाही झाला. बघूसाहेब चक्क 'छान' म्हणाले. ऑफिसात दोघांनी चष्मे पुसले.

तुम्ही म्हणजे कमाल आहात. पाच वाजता सैल बंद केलंत आणि सव्वापाचला नियम तयार! मला वाटलं होतं सोमवार उजाडेल.

धाकटीची परवाची पाळी दीड तासात सोडावी लागली. सूज आली हाताला. नर्स म्हणाली, डाव्या हातावर आता जागा नाही, उजवा बघू. घरी येताना गाडीत सुजलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, धीर धर, अकरा म्हणजे काही फार नाहीत. म्हणजे, मनातल्या मनात म्हटलं.

दादांना नमस्कार. उन्हाकडे धरलं तर त्यांना वाचता यावं म्हणून पातळ कागद घेतलाय.

तुमचा,
भाऊजी


१९ जून

भाऊजी,

'प्रिय' नंतर बघू.

अकरा काय?

तुमचं पत्र बुधवारी आलं. मी ते दोनदा वाचलं, मग उठून गॅस बंद केला आणि तिसऱ्यांदा वाचलं. धाकटीनं नंबर विचारलेला नाही. नंबर फक्त इस्पितळाच्या खिडकीवर सांगतात, रुग्ण स्वतः समोर उभा असेल तर. मग तुमच्या मनातल्या मनात अकरा कुठून आले?

गुरुवारी कामावर गेल्यागेल्या बारा तारखेचा लॉग काढला. आता माझं ऐका, म्हणजे लाज कुणाकुणाला वाटायची ते नीट वाटून घेता येईल.

त्या दिवशी लॉगमध्ये बासष्ट ओळी होत्या. त्या एकेक करून वाचायच्या असतात. 'याला हे कशाला हवं होतं?' असं प्रत्येक ओळीला विचारायचं असतं. नवीन मुलांना मी हेच शिकवते, बोट नाचवून शिकवते. पण एक सोयही असते. ओळी एका टोकानं ओतायच्या, दुसऱ्या टोकानं तयार नियम बाहेर पडतात: जे जे मागितलं होतं, ते ते मंजूर. मी ओतल्या. न वाचता ओतल्या. पाच वाजले होते, बॅकअप झाला होता, आणि मागणारा माझा दीर होता. म्हणून तर सव्वापाचला तयार. तुम्ही त्याला कमाल म्हणालात.

एकसष्ट ओळी बॅकअपच्या. सत्तेचाळिसावी अशी: दोन वाजून दहा मिनिटं, एजंट, प्रतीक्षायादी, वाचन. म्हणजे तुम्ही खिडकीतून डोकावलात, आणि मी संध्याकाळी तिथे तुमच्यासाठी दार बसवून दिलं, वर माझ्या सहीची पाटी लावून.

इथवर असतं तर मी तुम्हाला चार शब्द सुनावले असते आणि तोंड बंद ठेवलं असतं. पण काल रात्रीपर्यंतचा लॉग सगळा वाचला. बुधवारी एक ओळ, गुरुवारी दोन: एजंट, प्रतीक्षायादी, लेखन, नाकारलं. लेखन, नाकारलं. लेखन, नाकारलं.

तुम्ही यादीत लिहायला गेला होतात. तिला कितवी करणार होतात, भाऊजी? पहिली? की जनाची लाज म्हणून तिसरी? आणि जो खाली सरकला असता त्याला कुणी दीर नाही, एवढाच त्याचा गुन्हा?

वाचनाचा नियम आज सकाळी काढला. अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. उलट टपाली उत्तर हवं.

वहिनी


२२ जून

वहिनी,

तारीख. फक्त तारीख लिहिणार होतो. तुम्ही मला चोर म्हणालात, म्हणा. पण आधी हे वाचा.

बारा तारखेला मला नंबर पाहायचा होता, बास. ती विचारत नाही, मला झोप लागत नाही. नंबर पाहिला आणि शेजारची तारीख डोक्यात राहिली. रविवारी तिच्या डायलिसिसच्या पहिल्या कार्डाशी जुळवली. यादीतली प्रतीक्षा डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून मोजतात ना? तिचा पहिला दिवस गेल्या वर्षी २१ जानेवारी. यादीत काय लिहिलंय? यंदा ९ मार्च. त्या दिवशी आम्ही फक्त नोंदणीचा फॉर्म दिला होता! साडेतेरा महिने कुणीतरी गिळून टाकले, वहिनी. साडेतेरा महिने ती सुया टोचून घेत होती ते कुठेच नाही.

गेल्या सोमवारी मी यादी पुन्हा वाचली. तुमच्याच नियमानं, म्हणून लॉगनं ओरडा केला नाही. सगळ्यांच्या तारखा उतरवून घेतल्या. खरी तारीख घातली तर ती अकरावी नाही. चौथी आहे.

खिडकीवर सांगायचं तर पहिला प्रश्न येईल, तुला कसं कळलं? तिला सांगायचं तर नंबर सांगावा लागेल. दोन्हीकडून माझीच मान. आणि ३० तारखेला यादी बंद होते, ती तीन महिन्यांसाठी, मग दुरुस्ती नाही. मागच्या पाळीला तिच्या उजव्या हातावर पहिली सुई लागली. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, हाही गेला तर मानेतून घ्यावं लागेल, आणि ते फार दिवस चालत नाही. तीन महिने, वहिनी!

मी खोटं लिहीत नाहीये. खोटं खोडतोय. दोन मिनिटं लेखनाची परवानगी द्या. नंतर सगळे नियम पूर्वीसारखे करा.

आणि नाही दिलीत तर तुम्हालाही ठाऊक आहे, तुमचे नियम यंत्र चालू असेपर्यंतच. घर आमचं आहे. मी तुमचं यंत्र बंद करून त्याची डिस्क बाहेरून उघडू शकतो. तिथे तुमच्या चिठ्ठ्या कुणी विचारत नाही. चार मिनिटांचं काम. येत्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता बघूसाहेब मीटिंगला जातात. तोपर्यंत तुमची वाट बघतो.

हे मला करायला लावू नका. केलं तर परत तुमच्यासमोर यायला मला तोंड राहणार नाही, हे मला कळतं. पण ती राहील.

भाऊजी


२४ जून

भाऊजी,

दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुम्ही कापलात. हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. ते शुक्रवारी सकाळी पोचेल अशी शपथ त्या कुरिअरवाल्यानं घेतलीय. शपथेसाठी वेगळी पावती नाही म्हणाला.

माझं अनुमान चुकलं होतं. तुम्ही तिला पुढे घुसवत नव्हतात. ते शब्द मी परत घेते. बाकीचे ठेवते.

यंत्र बंद करू नका. त्याच यंत्रावर रक्तपेढीचा साठा आहे. शुक्रवारी दोन वाजता कुणाला कुठलं रक्त लागणार आहे ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. तुमच्या चार मिनिटांत शस्त्रक्रियेच्या खोलीतून कुणीतरी पिशवी मागेल आणि पडदा काळा असेल. तुम्ही थोरल्या यंत्राचे मालक आहात, मी तुम्हाला अडवू शकत नाही. माझ्याकडे त्यासाठी नियम नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतेय.

दोन मिनिटंही देणार नाही. तुम्ही खरं लिहाल यावर माझा विश्वास आहे. पण दिलेली परवानगी तुमच्या नावाची नसते, एजंटाच्या नावाची असते. तुमच्या खुर्चीत उद्या दुसरं कुणी बसेल, त्याची बायको, त्याचं कार्ड, त्याचं खरं. आणि तारीख बदललेली दिसेल, कुणी आणि का बदलली ते दिसणार नाही. धाकटीला मूत्रपिंड मिळालं आणि वर्षभरानं कुणी बोट दाखवलं, तर तिनं काय सांगायचं?

आज सकाळी मी अधीक्षकांकडे गेले. बासष्ट ओळी, माझी सही, तुमच्या तीन ओळी, सगळं टेबलावर ठेवलं. तुमचं नाव घ्यायची वेळ आली नाही, तुमच्या कंपनीत त्या पाळीला कोण होतं ते एका फोनवर कळलं. त्यांनी एकेक ओळ वाचली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आधी लिहून दिलं होतंत ना?" मी म्हटलं, "हो. आणि नंतर वाचलं नाही." माझी किल्ली काढून घेतलीय. चौकशी होईपर्यंत मी भांडाराच्या खोलीत प्रिंटरचे कागद मोजते. बरे असतात कागद, काही मागत नाहीत.

तारखेचंही सांगितलं. म्हणाले, एकीची तारीख चुकली तर सगळ्यांच्या तपासाव्या लागतील. प्रत्येकाचं पहिलं कार्ड मागवतायत. ज्यांचं कार्ड ३० तारखेच्या आत येईल त्यांची तारीख दुरुस्त होईल. रुग्णानं स्वतः खिडकीवर आणलं तर त्याच दिवशी. कसं कळलं, असं कुणी विचारणार नाही. स्वतःच्या नोंदीचा उतारा मागायला कारण लागत नाही. हे आपल्या दोघांनाही सुचलं नाही, भाऊजी. तुम्हाला डिस्क उघडायची अक्कल होती, मला सक्तीचे नियम लिहायची. तिला विचारायची नव्हती.

म्हणून धाकटीला मी वेगळं पत्र लिहिलंय. त्यात सगळं आहे, तुमचंही. नंबर लिहिलेला नाही.

वहिनी


३० जून

जाऊबाई,

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. उजव्या हातात सुई असते आणि डावा सुजलेला, त्यामुळे अक्षर असं आलंय.

तुमचं पत्र शुक्रवारी सकाळी अकराला मिळालं. मी पाळीवर होते, शेजारच्या मावशींनी केंद्रावर आणून दिलं. खुर्चीवरच वाचलं. यंत्र माझं रक्त फिरवत होतं आणि मला वाटत होतं, ते उलटं फिरतंय. दीडला ह्यांना फोन लावला. उचलला नाही. मग केंद्रातल्या नर्सच्या फोनवरून लावला, तर लगेच उचलला, घाबरून. मी म्हटलं, "ते यंत्र बंद केलंत तर सोमवारी मी खुर्चीवर बसणार नाही. पुढच्या पाळीलाही नाही. मग घाला तारीख कुठली घालायची ती." ते म्हणाले, "अगं, वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, "अडीचपर्यंत फोन चालू ठेवा. मला तुमचा श्वास ऐकू आला पाहिजे."

एक तास आम्ही काही न बोलता फोन धरून बसलो. नर्स म्हणाली, नवीन लग्न झालंय का? मी म्हटलं, हो, आजच.

त्यांनी बंद केलं नाही. अडीचला म्हणाले, "पुरे?" आणि रडले. त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. कायमचं की कसं, ते पुढच्या आठवड्यात कळेल.

आज सकाळी आम्ही तुमच्या गावी आलो. तुमच्याकडे आलो नाही, रागावू नका. ह्यांना तुमच्या दारात उभं राहवेना आणि मला एकटीला जिना चढवेना. खिडकी नऊला उघडली. ह्यांना मी बाहेर बाकावर बसवलं, म्हटलं, आत पाऊल टाकायचं नाही. खिडकीतल्या बाईंना कार्ड दिलं. त्यांनी न बघताच सांगितलं, "तुमचीही नोंदणीचीच असणार." मी म्हटलं, तुमचीही म्हणजे? तर म्हणाल्या, "अहो, फॉर्मवर तारखेचा एकच रकाना होता. कुणी सही केली ती तारीख घातली, कुणी पहिल्या पाळीची. चार दिवस आम्ही फोन करून कार्डं मागवतोय. बत्तिसातल्या एकोणीस जणांची चुकलीय."

माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या. त्यांचं डायलिसिस सहा वर्षं चाललंय. फॉर्म भरायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, गेल्या वर्षी भरला. त्या विसाव्या होत्या. आता पहिल्या आहेत. त्यांनी खिडकीतल्या बाईंना तीन वेळा विचारलं, "माझाच कागद बघताय ना?"

मग माझी पाळी आली. त्यांनी तारीख दुरुस्त केली, दोघींच्या सह्या झाल्या, आणि विचारलं, "नंबर सांगू?" मी इतके दिवस नको म्हणत होते. पण तुम्ही दोघांनी त्याच्यापायी एवढं केलंत. म्हटलं, सांगा.

अकरावी होते. आता चौदावी आहे.

ह्यांनी इतरांच्या तारखा खऱ्या धरून माझी तेवढी खोटी धरली होती. परतीच्या वाटेवर तीनदा विचारलं, "चौथी ना?" मी तिन्ही वेळा म्हटलं, "तारीख बरोबर झाली." त्यांना तेवढं पुरलं. एका ठिकाणी चहाला थांबलो, तर मला खुर्ची पुसून दिली.

यादी आज पाचला बंद झाली. तुमचं पुढे काय होईल ते मला कळत नाही. चौकशीत माझी साक्ष लागली तर येईन, जिन्याशी कुणाला तरी उभं करा.

एक मागते. ह्यांना तुम्ही काही लिहू नका. मीच सांगणार आहे. उद्या सकाळी सातला पाळी आहे, न्यायला तेच आहेत. गाडीत सांगेन. गाडी चालवताना त्यांना समोर बघावं लागतं.

तुमची,
धाकटी